उजव्या चाकावरचे तेल

मेहकर तालुक्यातल्या मोटारी एका हाताच्या बोटांवर मोजता येत, त्या काळची ही गोष्ट. डोणगावच्या शिवारात कोकिळा पाहुण्यांसाठी वांगी तोडीत असता एक मोटार डावीकडे वळली आणि मळ्याच्या बांधाला नाक टेकून थांबली. आपल्यालाच पाहावयास निघालेले हे जानेफळकर, हे तिने ताडले. परंतु मातीने माखलेली ही मुलगीच वधू, हे त्यांना कोण सांगणार?

"तिसऱ्यांदा डावीकडं गेली!" वराच्या मातोश्री सत्यभामाबाई मागच्या बैठकीवरून कडाडल्या. "अपशकुन हाय, उत्तम. मोटार वापस फिरव!"

उत्तमराव चाके चाचपीत होते. "माय, हवा सारखीच हाय. चालते तं सरळ..."

अपशकुनाने परतलेले पाहुणे पुन्हा येत नसतात. आणि घाम पुसता पुसता नाकभर काळे वंगण माखून घेणारा हा गृहस्थ परत जावा, असे कोकिळेला मुळीच वाटेना.

"ब्रेक दाबला तरच ओढते का?" तिने बांधावरून विचारले.

"हाव! तुमाले कसं समजलं?"

"उतारावर दोघांनी बैलगाडीची दोन चाकं धरली, अन् उजवीकडच्यानं सोडून देल्लं, तं गाडी कोणीकडं फिरन?"

"डावीकडं..." ते तिच्याकडे पाहतच राहिले. "म्हंजे उजवा ब्रेक धरत नाही!"

उजव्या चाकाच्या मध्यावर धुळीचा जाड थर बसला होता. कोकिळेने बोट लावून हुंगले. "तिळाचं तेल! हे कोणं ओतलं?"

सत्यभामाबाईंचा चेहरा उतरला.

"म्या—" उत्तमराव घाईघाईने म्हणाले.

"काऊन खोटं बोलून राह्यला बे?" मातोश्री पुटपुटल्या. "शुभकामाले निघतानी म्याच वाहिलं वाटीभर. उजवं अंग शुभ म्हणून!"

कोकिळेने मळ्यातल्या चुलीची राख आणली. उत्तमरावांनी चाक उतरवले. तेल आत झिरपून निसरडा झालेला ब्रेक दोघांनी मिळून घासून कोरडा केला. राखेत बोटांना बोटे दोनदा लागली. त्यांतली एक वेळ अनावश्यक होती.

"भगवंतरावायचं घर कुठं हाय?" उत्तमरावांनी विचारले.

"दाखवते की... वांगी तिथंच न्यायची हायत."

"बस मंग समोर, पोरी," सत्यभामाबाईंनी फर्मावले.

टोपली मांडीवर घेऊन ती उत्तमरावांच्या डावीकडे बसली. घरासमोर ब्रेक लागला. मोटार सुतासारखी सरळ थांबली. ओसरीवरून तिचे वडील भगवंतराव ओरडले, "कोकिळे! पाहुण्यायच्या मोटारीत तू कशी?"

उत्तमरावांचे हात सुकाणूवरच राहिले.

"आता तं ओढत नाही ना?" तिने टोपलीकडे पाहत विचारले.

"मोटार नाही ओढत... मीच डावीकडं ओढला जाऊन राह्यलो—"

"मंग त्यात कायचा अपशकुन बे?" मागून सत्यभामाबाई म्हणाल्या. "बायकोची जागा डावीकडंच असते!"