सहावी अंघोळ

"पाचवी अंघोळ!… कावेरी, आपल्या न्हाणीत नळ आहे की कारंजीचा तलाव?"

सासूबाईंचा, अंबुजाबाईंचा, तो शब्दबाण शेगडीपुढे ओलेत्याने उभ्या असलेल्या कावेरीच्या हृदयात खोल रुतला… म्हैसूरच्या या घरात द्वादशीचा नैवेद्य मडीत, म्हणजे कडक सोवळ्यात व्हायचा. आणि शौचाला गेले की मडी मोडते, पुन्हा डोक्यावरून पाणी! पोटातली कळ मात्र पंचांग पाहून येत नव्हती. तीन वर्षे सासूबाई तिला कामचुकार समजत होत्या, आणि तीन वर्षे ती साध्वी त्यांना तसे समजू देत होती!

सहाव्या अंघोळीनंतर ती न्हाणीच्या उंबऱ्यावरच कोसळली. बेंगळूरहून सुटीवर आलेली नणंद वर्षिणी धावली.

"वहिनी! काय होतंय?"

"आतड्याला सूज आहे गं… जखमा आहेत. गोळ्या चालू आहेत. तुला कळलं असतं तर प्रबंध टाकून आली असतीस… म्हणून तुझ्या दादालाही शपथ घातली."

"वहिनी, माझा प्रबंध याच रोगावर आहे!"

शेकडो उंदरांची आतडी मन लावून तपासणाऱ्या त्या विदुषीला घरातले एक आतडे तेवढे दिसायचे राहिले होते! तिला हुंदका आवरेना.

"अय्यो, मग हे नाटक नव्हे?" अंबुजाबाई मागोमाग धावत आल्या होत्या.

"नाही गं आई! आतड्याच्या भिंतीत नसा असतात, आणि त्यांना खेटून रोगाशी लढणाऱ्या पेशी. पेशी भडकल्या की नसांना चेतवतात, मग कळ येते, घाई होते. नसाही उलट निरोप धाडतात. त्यानं कधी आग वाढते, कधी निवळतेसुद्धा."

"एका भिंतीत राहून…" अंबुजाबाई पुटपुटल्या. "आणि मी तीन वर्षं आग वाढवायच्या बाजूला!"

स्वतःच्या मडीची तमा न बाळगता त्यांनी सुनेला उराशी कवटाळले…

"नैवेद्य कधी?" सासरे नरहरीराव भुकेने दारात प्रकटले. "पारण्याची वेळ टळतेय! ही पुन्हा आत-बाहेर करणार असेल, तर मडीचं काय?"

अंबुजाबाई ताठ उभ्या राहिल्या.

"अहो, विठ्ठल विटेवर उभाय, त्याला थांबता येतं. हिला येत नाही! आजपासून कावेरी हातपाय धुऊन रांधेल. पुरे! साकु! बस झाली ती मडी!"

नरहरीरावांनी देवाकडे पाहिले. देवाने हरकत घेतली नाही.

कावेरी सातव्यांदा गेली. या वेळी बादली वाजली नाही. हातपाय धुऊन, कोरड्या लुगड्यात, तिने नैवेद्याचे ताट उचलले, आणि अंबुजाबाई डोळे पुशीत पुढे धावल्या, देवघराची दोन्ही दारे सताड उघडून म्हणाल्या, "ये, माझे आई, ये!"