पट्टीवर आडवा ट्रॅक्टर

दर सोमवारी ती पट्टीवरचं गवत कापायची. पट्टी म्हणजे विमानाची धावपट्टी. डांबर नाही, सिमेंट नाही, दोन शेतांच्या मधून गेलेलं पाचशे मीटर सपाट गवत, बस्स. नवरा तिथून दोन माणसांचं विमान उडवायचा, आसपासच्या पिकांवर औषध फवारायचा. त्याला जाऊन सात वर्षं झाली. विमान नाही, वैमानिक नाही, आणि ही बाई गवत कापतेय म्हटल्यावर लोक बोलणारच. दीर तर चारचौघांत सांगायचा, आमच्या वहिनी वरून येणाऱ्या पाहुण्यांची वाट बघतायत. लोक हसायचे.

हसणाऱ्यांचं काय जातंय म्हणा. सात वर्षांपूर्वी पट्टी नांगरायची की ठेवायची यावरून भावाभावांत जुंपली होती. दुसऱ्या दिवशी भर दुपारी विमान उतरायला आलं, तेव्हा दिराचा ट्रॅक्टर पट्टीच्या ऐन मध्यावर आडवा उभा होता. नवऱ्याने विमान वर खेचलं, ते थेट झाडांत गेलं. ट्रॅक्टर बंद पडला, माझा काय दोष, असं म्हणून दिराने हात झटकले. आणि त्याच संध्याकाळी, मेकॅनिक नाही की कुणी नाही, तोच ट्रॅक्टर हाकत तो घरी गेला. तिने डोळ्यांनी पाहिलं. विचारलं तर म्हणाला, आपोआप चालू झाला.

तिला त्याच्या तोंडून एकदा खरं ऐकायचं होतं. आणि मग त्याचं वाटोळं झालेलं बघायचं होतं. खोटं कशाला बोला?

गेल्या महिन्यात सकाळच्या दवात चाकांच्या दोन रेघा दिसायला लागल्या. आली असेल कुणाची तरी गाडी, असं तिला वाटलं. तरी टेप आणून मोजलं. दोन रेघांमधलं अंतर नवऱ्याच्या विमानाच्या दोन चाकांमध्ये असायचं तेवढंच, बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. पूर्वेच्या टोकाला त्या रेघा मधेच गवतात सुरू व्हायच्या. तिथवर यायची वाट कुठेच नव्हती. रोज त्या चार-पाच पावलं पुढे सरकायच्या. ती कुणाशी बोलली नाही. यंत्राचं पातं खाली घेऊन तिने गवत आणखी बारीक कापलं.

जमिनीच्या वाटणीचा कोर्टातला निकाल लागला आणि पट्टी दिराकडे गेली. त्याच आठवड्यात भल्या सकाळी तो नांगर जोडून आला. नांगराचं पहिलंच तास. पट्टीच्या मध्यावर ट्रॅक्टरने आचका दिला आणि थांबला. त्याने चावी फिरवली, पुन्हा फिरवली. काही नाही.

ती बांधावरून चालत जवळ गेली.

"बंद पडला, वहिनी."

"खरंच?"

"खरंच हो. या वेळी खरंच."

बोलून गेला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. चेहरा उतरला. तिने विचारलं, "आणि त्या वेळी, भाऊजी?"

तो चावीकडे बघत म्हणाला, "नुसती भीती घालायची होती. वाटलं, बघेल आणि दुसरीकडे उतरेल."

सात वर्षं जे हवं होतं ते मिळालं, आणि तिचा राग तसूभरही कमी झाला नाही.

तेवढ्यात फवारणीच्या औषधाचा वास आला. वारा पडलेला होता. पूर्वेच्या टोकाला गवत आडवं झालं, दोन सरळ रेघांत, आणि त्या रेघा पट्टीवरून धावत यायला लागल्या. आवाज काहीच नव्हता.

दीर उठायला गेला. पाय निघेनात.

"वहिनी, हात द्या."

विमान उतरताना बाजूला व्हायचं असतं. ती दोन पावलं मागे सरली.

ट्रॅक्टरपासून दहा पावलांवर रेघा संपल्या. एक सावली तिच्या डोक्यावरून गेली.

डॉक्टर आला तेव्हा दीर सीटवर तसाच बसलेला होता, हात स्टिअरिंगवर, श्वास थांबलेला. कपड्यांना माती नाही, कुठे खरचटलेलंही नाही. डॉक्टरने छाती चाचपली, मग पाठ, मग मांड्या, आणि हात काढून घेतला.

"एक हाड धड नाही यांचं," तो हळू म्हणाला. "एवढ्या उंचावरून पडले कुठून?"

ती म्हणाली, सकाळपासून ते खाली उतरलेच नाहीत.

डॉक्टर सीटला हात लावून उभा राहिला. सीट त्याच्या छातीपर्यंतही येत नव्हती.