डावा सिलिंडर

रघुराम आणि मी एकाच इंजिनवरून चार महिने भांडत होतो. अण्णा नगरला त्याच्या घराखालच्या पार्किंगमध्ये आमची दोन सिलिंडरची रेसची मोटरसायकल उभी असे. त्याला फ्युएल इंजेक्शन हवं होतं, मला कार्ब्युरेटर. शेवटी समंजस माणसांसारखा तोडगा काढला. उजव्या सिलिंडरला त्याचं इंजेक्शन, डाव्याला माझा कार्ब्युरेटर. ज्याची बाजू सरस ठरेल, तो रविवारी रेसला बसणार. दुसऱ्याने ट्रॅकवर त्याच्या डोक्यावर छत्री धरायची.

शनिवारी सकाळी गाडी चाक जागच्या जागी फिरवणाऱ्या रोलरवर चढवली. दोन्ही बाजूंना पेट्रोलची एकेक बाटली वजन करून टांगली. रघुराम गाडीवर बसला, शेजारी त्याचा लॅपटॉप. मी स्क्रूड्रायव्हर इंजिनला टेकवून दुसरं टोक कानाला लावलं. माझा लॅपटॉप तोच.

चाळीस मिनिटं आम्ही इंजिन पिळून काढलं. डावी बाजू इतकी गोड कधीच चालली नव्हती. फक्त सायलेन्सरला पेट्रोलचा वास नव्हता. केस जळल्यासारखा काहीतरी वास होता.

बाटल्या उतरवल्या. उजवी जवळजवळ रिकामी. डावी भरलेली, होती तशी.

"मायलेजमध्ये मी जिंकलो," मी जाहीर केलं. मग डावीकडच्या नळीवर नजर गेली. "नळ बंद आहे."

रघुराम हातमोजे काढत होता. "हो."

"कुणी केला?"

"मीच, डा." तमिळमधलं 'अरे' त्याच्या तोंडी कायम असे. "सुरू करायच्या आधी. दोन मिनिटांत तुझी बाजू मेली असती, वाद संपला असता."

चार वर्षं ज्याच्या घरची कॉफी प्यायलो, तो हे बस चुकल्याच्या सुरात सांगत होता.

"मग ती चालली कशावर?"

मी कार्ब्युरेटर उघडला. आत थेंबही नव्हता. तळाशी पांढरं मीठ होतं, घाम वाळल्यावर शर्टावर राहतं तसं.

त्याची बहीण संयुक्ता कॉफीचे टंबलर घेऊन खाली आली. "अण्णा, कुणाचा शर्ट घातलास?"

"माझाच."

शर्टाचे खांदे त्याच्या कोपरांपाशी आले होते. मनगटावरचं घड्याळ घसरून पार दंडावर गेलं होतं. त्याने ते खाली ओढलं, आणि डाव्या सिलिंडरकडे मी कधी न पाहिलेल्या मायेने बघितलं.

"कार्ब्युरेटरच ठेवू. दोन्हीकडे. तू जिंकलास."

"म्हणजे उद्या मी बसणार."

"फॉर्मवर माझं नाव आहे, डा. दोन आठवड्यांपूर्वीच भरला."

"चाचणीच्या आधी?"

"तुला वाईट वाटलं असतं, म्हणून चाचणी घेतली."

मी कॉफी न पिताच टंबलर खाली ठेवला.

"रघू, एकदा वजन करून घे."

"रेस झाल्यावर."

रविवारी ट्रॅकवर ऊन चटका देत होतं. दोन्ही सिलिंडरना आता कार्ब्युरेटर होते. टाकी काठोकाठ भरली होती आणि तिचा नळ बंद होता. तो उघडायला एक बोट पुरतं. मी छत्री दोन्ही हातांनी धरली.

रघुरामने हेल्मेट चढवलं आणि पाय टाकून गाडीवर बसला.

तो बसला की मागचे शॉकअप त्याच्या वजनाने दोन बोटं दबायचे.

आज ते दबलेच नाहीत.