जेलर वहिनी

"वहिनी, दात! अगं, बाबांचा दात तुटला!"

दुधात भिजवलेला पाव, तोही लोण्यासारखा मऊ... आणि त्यात बाबांचा पुढचा दात, अर्धाच्या अर्धा! सुनेने तो तळहातावर घेतला. चिऊ, म्हणजे तिची धाकटी नणंद, पोस्टातल्या नोकरीवरून परस्पर बापाला भेटायला आलेली, ती तर अंगावरच धावून आली. "रोज दातांना जेल लावतेस ना गं? का नुसताच घरभर रुबाब?"

रुबाब! अहो, बाबांना जिभेच्या मुळाशी कॅन्सर निघाला तेव्हा जिने शिवणाच्या कारखान्यातली हाताशी आलेली मुकादमगिरी सोडली, तेहतीस दिवस त्यांना रेडिएशनच्या शेकाला नेलं-आणलं, तिने हे ऐकायचं! कॅन्सर गेला खरा, पण जाताना लाळ घेऊन गेला. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं, "लाळच दात राखते. ती आटली की कीड भराभर लागते. आणि शेकलेल्या जबड्यातला दात उपटायची वेळ आणू नका, तिथलं हाड सहजी भरून येत नाही." म्हणून दोन्ही जबड्यांचे साचे बनवले. रोज त्यांत कीड रोखणारं फ्लोराइडचं जेल भरायचं, दहा मिनिटं दातांवर बसवायचं, आणि नंतर अर्धा तास पाण्याचा घोटसुद्धा नाही.

कोरड्याठाक तोंडाला अर्धा तास पाणी नाही! बाबा हाताने खुणा करायचे, डोळे वटारायचे, कधी हातही जोडायचे. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, पण सुनेचा अर्धा तास त्यांना कधी बरोबर वाटला नाही. "जेल लावते ती जेलर!" असं नाव त्यांनीच ठेवलं आणि सगळी गल्ली तेच म्हणायला लागली. ती सगळ्यांबरोबर हसायची... आणि ओट्याशी जाऊन पदराने डोळे पुसायची.

त्याच दुपारी तिघं दवाखान्यात पोचली. डॉक्टरीणबाई तोंडात आरसा घालून बराच वेळ बघत राहिल्या. हिरड्यांलगत एकेका दाताभोवती तपकिरी कडं पडलं होतं.

"जेलमध्ये कसूर दिसत नाही. पण गोड काही चघळतात का हे?"

सुनेच्या डोळ्यांपुढे महिन्यापूर्वीची सकाळ आली. बाबांचा कोट धुवायला काढला तर खिशात लिंबाच्या गोळ्यांची पुडी! बाबा लहान मुलासारखे रडले होते. "चिऊ देते गं... तोंडात वाळू भरल्यासारखं होतं बघ. आता नाही खाणार. पण तिला सांगू नकोस. आपल्या हातून बापाचं वाईट झालं हे कळलं तर पोर उभी जळेल. माझी शपथ!" शपथ तिने पाळली... बाबांनी गोळ्या सोडल्या नाहीत.

"मीच देत होते," ती म्हणाली. "लिंबाच्या गोळ्या."

"तुम्ही?" डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. "इतकं समजावून सांगितलं, तरी तुम्ही?"

तिने मान खाली घातली. आणि बाजूला चिऊ... चिऊ पांढरीफटक पडली!

"खोटं बोलतेय ती! मी दिल्या, मी! मला वाटलं आंबट आहेत, तोंडाला पाणी सुटेल... बाबा, तुम्ही का नाही बोललात?"

बाबांच्या डोळ्यांतून धार लागली होती. "तू आणायचीस... एवढ्या मायेने..."

"वहिनी, मला शिव्या दे. तोंडावर दे!"

"शिव्या देऊन दात उगवले असते ना चिऊ, तर कधीच दिल्या असत्या," सून म्हणाली आणि तिला घट्ट जवळ घेतलं. दोघी अशा रडल्या की सांगता सोय नाही!

पण रडून काय होणार होतं? सात दात गेल्यातच जमा होते. उपटायचे नाहीत म्हणून कीड कोरून, तुटके कापून, मुळं तशीच आत ठेवून बुजवायची. डॉक्टरीणबाईंनी मास्क चढवला. "वाचतील तेवढे वाचवू. आत एकच जण थांबा."

बाबांनी खुर्चीवरूनच हात पुढे केला. कुणासाठी, ते त्यांनाही ठाऊक नसावं. चिऊने वहिनीचा हात धरला आणि बाबांच्या पंजात ठेवला.

"ही थांबेल, डॉक्टर. मुलगी आहे त्यांची."

"आणि तुम्ही कोण?"

चिऊ दार ओढून बाहेर गेली. धुरकट काचेवर तिचं टेकलेलं कपाळ आतून तेवढं दिसत राहिलं. मशीन घरघरलं. बाबांनी बोटं अशी आवळली की सुनेच्या बांगड्या मनगटात रुतल्या.

"झालंच हं बाबा... झालंच..." ती म्हणत राहिली.

झालं काहीच नव्हतं. अजून सहा दात बाकी होते.