विहिरीतला हावरट

"हँडल काढलंस?" केसरने कुंपणाआडून विचारलं.

"काढलं," म्हणत तिचा धाकटा भाऊ सदा काट्यांतून बाहेर आला. त्याच्या सदऱ्यात लपवलेलं लोखंडी धूड पाहून मोहल्ल्यातल्या त्यांच्या दोस्ताला, शब्बीरला, हसू आवरेना. हँडलाशिवाय तुळशीरामच्या नारळाच्या वाडीतलं पाण्याचं इंजिन सुरूच व्हायचं नाही. म्हणजे आज दिवसभर ते गप्प बसणार होतं, आणि तिघांना तेच हवं होतं.

मे महिन्याच्या सुट्टीत चोऱ्या करायची काही त्यांना हौस नव्हती. पण गावच्या एकुलत्या एका गोड्या विहिरीचं पाणी होळीनंतर भराभर उतरायला लागलं होतं. कोळीवाडा आणि मोहल्ला, दोन्हीकडच्या बायका तिथेच पाणी भरायच्या. उन्हाळ्यात घरटी ठरलेले हंडे, आणि भर दुपारी कुणी पोहरा टाकायचा नाही, तेवढ्या वेळात झऱ्यांनी विहीर भरायची, अशी जुनी रीत. ती सगळे पाळत होते, तरी पाणी खालीच. मग संशय आला. जहुराचाचीने केसरच्या आईला, वेणूबाईला, चारचौघींत हावरट म्हटलं, वेणूबाईनेही तेवढ्याच जोरात तिला तेच म्हटलं. पुरुषांनी पहारा बसवला. पाणी चोरायला कुणी आलं नाही, पाणी उतरायचंही थांबलं नाही. मोठ्यांची अक्कल तिथे संपली.

केसरचा जीव मात्र टांगणीला लागला होता. स्वराज्य आल्यावरही गावातली एकही मुलगी चौथीपुढे गेली नव्हती, आणि ती जूनमध्ये बोर्लीच्या शाळेत पाचवीला जाणार होती. आईने साफ सांगितलं होतं, "हिरीला पानी हाय तवर शाला. पानी गेलं का डोंगरापलीकडशी आनावं लागंल. मी म्हावरं इकू का पानी भरू?"

तुळशीरामने यंदा वाडीत नवी खोल विहीर खणून तिच्यावर इंजिन बसवलं होतं. ते धडधडायला लागलं की गावची विहीर उतरते, असं पहिल्यांदा शब्बीरच्या ध्यानात आलं. त्याने सकाळीच पाण्याच्या पातळीला आतल्या चिऱ्यावर कोळशाने रेघ ओढली. आज इंजिन बंद होतं, आणि संध्याकाळी तिघांनी काठावर पालथं पडून पाहिलं तर पाणी रेघेच्या वर चढलं होतं!

तिघं तडक मोहल्ल्यातल्या करमअलीचाचांकडे धावली. त्यांचा शब्द कोळीवाड्यातही चालायचा. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना विहिरीवर जमवलं, तुळशीरामला हँडल परत दिलं आणि इंजिन सुरू करायला लावलं. थोड्याच वेळात रेघ उघडी पडली.

"माजी जागा, माजी हीर," तुळशीराम म्हणाला. "मी तुमच्या पोहऱ्याला हात न्हाय लावला."

"हात न्हाय, तोंड लावलंस," करमअलीचाचा म्हणाले. "झरा एकच हाय, बाबा."

पण काहींना अजून पटेना. आणखी चालू द्या, नीट बघू, असा गलका झाला. केसर ओरडून सांगत होती की पुरे, बंद करा, पण तिचं ऐकतो कोण? इंजिन संध्याकाळपर्यंत चाललं. तळाचा चिखल दिसला तेव्हा कुठे सगळ्यांची खात्री पटली.

सकाळी पहिला पोहरा वेणूबाईचा. तिने चूळ भरली आणि थुंकली. जहुराचाचीने तिच्याच पोहऱ्यातलं पाणी तोंडात घेतलं आणि पोहरा पालथा केला. पाणी मचूळ झालं होतं, झरा रिता होताच समुद्र आत शिरला होता. शेजारच्या गावची विहीर अशीच खारावली, ती आपल्या हयातीत गोडी झाली नाही, असं चाचा हळूच म्हणाले. भांडायला आता कुणाला काही उरलं नव्हतं.

संध्याकाळी चावडीवर मुलांना नारळ मिळाले. मोठ्यांच्या आधी चोर ओळखला म्हणून शाबासकी मिळाली. पोरांनी आपले डोळे उघडले, असं तुळशीरामसुद्धा मान खाली घालून म्हणाला. केसरच्या पाठीवर हात ठेवून चाचा म्हणाले, "या पोरीचं डोकं मामलेदाराचं हाय." वेणूबाईची मान ताठ झाली.

घरी आल्यावर तिने जुनं लुगडं फाडलं, पीळ देऊन त्याची हंड्याखालची चुंबळ वळली आणि लेकीच्या डोक्यावर ठेवून पाहिली.

"घट्ट व्हतंय का?"

"न्हाय," केसर म्हणाली.