एकाही फॉर्मला घडी नाही!

"चारशे अठ्ठ्याण्णव, चारशे नव्व्याण्णव, पाचशे! झाले एकदाचे!" सुईने शेवटचा कागद गठ्ठ्यावर ठेवला आणि हात झटकले.

"पुन्हा मोज," बाबा म्हणाले.

"बाबा! मला सुट्टी आहे!"

"कागदांना नसते."

सुई हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. सातव्या वर्षी तिने दोरा एकदाही न तोडता अख्खी वही शिवली, तेव्हापासून सगळे तिला सुई म्हणायला लागले. आता ती बारा वर्षांची होती आणि वडिलांच्या बाइंडिंगच्या दुकानात तिचा हात मोठ्या माणसासारखा चालायचा. दुकान विद्यापीठाच्या फाटकासमोर, रस्त्याच्या अलीकडे. विद्यार्थी जाडजूड प्रबंध आणून टाकायचे, बाबा ते शिवून, पुठ्ठा चढवून, सोनेरी अक्षरं ठोकून द्यायचे. आणि नुसते द्यायचे नाहीत, पलीकडे नेऊन पोचवायचे. त्यांचा डावा पाय लहानपणापासून लुळा. दोन्ही काखांत कुबड्या, गळ्यात पिशवी, दिवसातून सहा वेळा झेब्रा क्रॉसिंगवरून पलीकडे आणि परत! सिग्नलचे हवालदारसुद्धा त्यांना बघून शिट्टी जरा लांबवायचे.

आजचं काम मात्र प्रबंधाचं नव्हतं. हा रस्ता बदलायचा होता. कसा बदलावा, ते नगरपालिकेने लोकांना विचारलं होतं. एक आराखडा असा, की पदपथ रुंद करायचे, गाड्या हळू चालवायच्या आणि झेब्रा आहे तिथेच ठेवायचा. दुसरा असा, की मधे लोखंडी कठडा घालायचा, झेब्रा पुसून टाकायचा आणि माणसांसाठी वरून पूल बांधायचा. पायऱ्या बासष्ट! दोन आठवडे फाटकाजवळ एक निळी पत्र्याची पेटी ठेवली होती. फॉर्म घ्यायचा, भरायचा, पेटीत टाकायचा. आता त्या फॉर्मांचं पुस्तक बांधायचं होतं. परवा विद्यापीठाच्या सभागृहात सभा होती.

काल दुपारी फॉर्म घेऊन आले ते नगरपालिकेचे सर्वेवाले मामा. टेबलावर थाप मारून म्हणाले, "पाचशेपैकी चारशे तीस लोकांना पूल हवाय! एकदम स्पष्ट निकाल!"

बाबांनी एवढंच विचारलं, "कव्हर कुठल्या रंगाचं?"

पण संध्याकाळी ते आईला काय म्हणाले, ते सुईने ऐकलं होतं. "बासष्ट पायऱ्या एखाद्या दिवशी चढेन गं. दिवसातून सहा वेळा नाही जमणार. दुकान आवरायला घेऊ." ज्या कागदांनी दुकान बंद पडणार, तेच कागद ती मोजत बसली होती! राग आला तिला. कोणाचा, ते मात्र कळेना.

तिने गठ्ठा उचलून टेबलावर ठोकला, कडा सारख्या केल्या. गठ्ठा कसा शहाण्यासारखा सपाट बसला.

सुई थांबली. तिने तळहात कागदांवरून फिरवला. मधले पाच-पन्नास कागद उचलून उजेडात तिरके धरले. मग खालचे धरले.

"बाबा, हे फॉर्म शिकंज्यात, त्या दाबयंत्रात, दाबलेत का कोणी?"

"नाही, कालपासून तसेच पडलेत. का?"

"यांना घडीच नाही."

बाबांनी मान वर केली. त्याच वेळी दारातून आवाज आला, "सुईऽऽ! येतेस की नाही?" फळीवरच्या खळीच्या डब्याचं झाकणसुद्धा थरथरलं. हा भोंगा. त्याच्या मागून चौकशी आत शिरली. ही मुलगी दिवसाला शंभर प्रश्न विचारायची आणि त्यातल्या नव्वदांची उत्तरं आपणच शोधून काढायची.

"काय झालं? कसली घडी? कुणाची?" चौकशीने लगेच कान टवकारले.

"आपण निळ्या पेटीत फॉर्म टाकले, आठवतंय?" सुई भराभर बोलायला लागली. "पेटीची फट केवढी होती?"

भोंग्याने चार बोटं जोडून दाखवली. "एवढी. माझा फॉर्म आत जाईना! चार घड्या घातल्या तेव्हा कुठे गेला."

"मग ह्या पाचशे फॉर्मांत एकालाही घडी कशी नाही?"

"इस्त्री केली असेल!" भोंगा म्हणाला. दोघींनी त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प बसला.

"घडी पडलेला कागद फुगतो," सुई म्हणाली. "एक रात्र शिकंज्यात दाबला तरी खूण राहते. हे फॉर्म पेटीत कधी गेलेच नाहीत!"

"सुई!" बाबांचा आवाज चढला. "गिऱ्हाइकाचे कागद आपण वाचत नाही. कोणाचा प्रबंध चांगला, कोणाचा वाईट, आजवर दुकानातली गोष्ट बाहेर गेलेली नाही. लोक विश्वासाने कागद देतात आपल्याकडे."

"मी वाचलं नाही, बाबा. नुसती घडी बघितली."

"पुरे! तुझ्या तोंडून हे दुकानाबाहेर जायचं नाही. आणि ते आपल्या दुकानासाठी तर मुळीच नाही. लोक म्हणतील, पोटावर पाय आला म्हणून हा बोंबा मारतोय."

सुईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती पायात चपला अडकवून बाहेर पडली. दोघं तिच्या मागे धावले.

पदपथावर तिघं थांबली. बससाठी ढकलाढकली चालली होती. भोंग्याचं तोंड एवढंसं झालं होतं. सर्वेवाले मामा त्याचे सख्खे मामा होते.

"माझा मामा लबाड नाही," तो म्हणाला. त्याच्या मानाने हे अगदी हळूच होतं. "मी आधी त्यालाच विचारतो. तू नाही बोललीस, सुई. मी विचारतोय."

तो कोपऱ्यावरच्या कार्यालयात गेला. दहा मिनिटांनी परत आला, तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"काय म्हणाला?" चौकशी.

"म्हणाला, पेटी मीच माझ्या हाताने उघडली आणि मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नका." भोंग्याने पायाने खडा उडवला. "माझ्याकडे बघतच नव्हता गं बोलताना."

"मग पेटी आहे कुठे? रिकामी असेल तर कुठेतरी असेलच ना?"

आता चौकशीचं काम सुरू झालं. तिने फाटकावर विचारलं, ग्रंथालयात विचारलं, झाडांना पाणी घालणाऱ्या मावशींना विचारलं. पेटी कोणी बघितली नव्हती. शेवटी सायकल स्टँडच्या पहारेकरी आजोबांना विचारायला ती वाकली, आणि तशीच वाकलेली राहिली.

"आजोबा, तुम्ही कशावर बसलाय?"

आजोबांनी खालची उशी उचलली. निळा पत्रा! वर इवलीशी फट!

"ही होय? सर्वेवाले साहेब आले होते न्यायला. किल्ली हरवली म्हणाले. गेले ते गेलेच. म्हटलं, पडून राहण्यापेक्षा बसायला बरी."

"तुम्ही हे कोणाला सांगितलं का नाही?"

"मला कोणी विचारलं का?" आजोबा म्हणाले. उत्तर अगदी बरोबर होतं!

भोंग्याने पेटी हलवली. आत खच्चून भरलेले कागद खसखसले. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणालाही आनंद झाला नाही. सुईला बाबा आठवले आणि भोंग्याला मामा.

"आजोबा," चौकशी म्हणाली, "परवाच्या सभेला ही पेटी लागणारच. घेऊन याल?"

"आणि मी बसू कशावर?"

"सभागृहात गादीच्या खुर्च्या आहेत!"

आजोबा तयार झाले.

सभेच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. समोर टेबलावर सुईनेच शिवलेलं लाल पुस्तक, त्यावर बाबांनी ठोकलेली सोनेरी अक्षरं. पुस्तक पोचवायला बाबा आले होते आणि दाराशी कुबड्यांवर उभे होते. नगरपालिकेच्या अभियंता बाई मधे बसल्या होत्या, बाजूला सर्वेवाले मामा.

"लोकांचं मत स्पष्ट आहे," मामा म्हणाले. "पेटीत पाचशे फॉर्म आले. चारशे तीस लोकांना पूल हवाय."

"मला तर नकोय!" मागून एक बाई म्हणाल्या. "मलाही नको!" आणखी कोणीतरी ओरडलं.

"पण जे आलंय ते असं आहे," अभियंता बाई शांतपणे म्हणाल्या. "मला कागदावर चालावं लागतं. कोणाला काही विचारायचंय?"

सुई उठली. "माझ्या मैत्रिणीच्या आजीचा फॉर्म टाकायचा राहिलाय. आता पेटीत टाकला तर चालेल?"

लोक हसले. मामा नाही हसले. "पेटी आता..." ते म्हणायला लागले, तोच पहारेकरी आजोबा पेटी छातीशी धरून आत आले आणि ती टेबलावर धाडकन आपटली.

"टाक बाळ, टाक," बाई हसून म्हणाल्या.

सुईने फॉर्म सपाट धरला आणि फटीला लावला. गेला नाही. उभा लावला, आडवा लावला. नाहीच.

"अगं, घडी घाल ना!"

"घालते. पण..."

तिने दाराकडे पाहिलं. बाबा तिच्याकडेच बघत होते. दुकानातली गोष्ट दुकानाबाहेर जात नाही. ओठांवर आलेलं वाक्य तिने गिळलं. सगळं सभागृह वाट बघत होतं आणि तिला आता रडूच कोसळणार होतं.

"मामाऽऽ!"

खिडक्यांच्या काचा हादरल्या. भोंगा खुर्चीवर चढला होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मामा, पेटी तू उघडलीस ना? मग त्या पुस्तकातल्या एका तरी फॉर्मला घडी आहे का, दाखव सगळ्यांना!"

अभियंता बाईंनी पुस्तक पुढे ओढलं. एक पान उलटलं, दहा उलटली, मग हात सपाट करून पानांवरून फिरवला, अगदी सुईने फिरवला होता तसाच. मग पेटी उचलून हलवली. खसखस!

"पाना-पेचकस आणा कोणीतरी," त्या म्हणाल्या.

बिजागऱ्या निघाल्या, झाकण उघडलं आणि चार घड्यांचे शेकडो फॉर्म टेबलावर सांडले.

मामांनी कपाळावरचा घाम पुसला. "किल्ली हरवली होती, बाई. सभेला चारच दिवस उरले होते. आम्ही कार्यालयातल्या तिघांनी बसून फॉर्म भरले. लबाडी करायची नव्हती हो! लोकांना काय हवंय ते मला माहीत आहे असं वाटलं. रोज याच रस्त्याने गाडीने जातो मी."

"गाडीने," बाई म्हणाल्या. एवढंच. पण मामांची मान खाली गेली.

फॉर्म मोजायला सगळं सभागृह बसलं. निघाले सहाशे बारा. त्यातल्या चारशेहून जास्त लोकांना झेब्रा हवा होता! बाईंनी तिथेच जाहीर केलं, की पूल रद्द, झेब्रा जागचा हलणार नाही. मग तिघांना पुढे बोलावून त्या म्हणाल्या, "आमच्या कार्यालयात चाळीस माणसं आहेत. एकानेही कागदाला हात लावून बघितला नाही. तुम्ही बघितलात. शाबास!"

टाळ्या झाल्या. पण सुईचं लक्ष दाराकडे होतं. ती बाबांसमोर जाऊन उभी राहिली.

"मी बोलले नाही, बाबा."

"ऐकलं मी," बाबा म्हणाले. "वाचायचं नाही, हे मी शिकवलं होतं. बघायचं नाही असं कधी म्हणालो नव्हतो. माझंच चुकलं, सुई. मी भ्यायलो." आणि एक कुबडी भिंतीला टेकवून त्यांनी तिला जवळ घेतलं.

भोंगा मात्र एकटाच पायरीवर बसला होता. मामा त्याच्या शेजारून निघून गेले, एक शब्द न बोलता.

चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी मामा दुकानात आले. हातात खरे फॉर्म भरलेली पिशवी. भोंगा फळीआड सरकला.

"हे आता नीट बांधायचेत," मामा बाबांना म्हणाले. "ग्रंथालयात ठेवणार आहेत, कोणीही वाचावेत म्हणून." मग फळीकडे बघून म्हणाले, "ए भोंग्या, लपतोस काय? ये, घड्या उलगडायला बस माझ्याबरोबर. सहाशे आहेत!"

भोंगा इतका हसला की बाबांनी कानावर हात ठेवले.

सगळे उलगडायला बसले. मधेच सुईचा हात थांबला. एका फॉर्मवर खळीचा डाग होता, अंगठ्याएवढा. खाली बाबांचं अक्षर. बाबांनी तो फॉर्म स्वतःच भरून, स्वतःच घडी घालून टाकला होता.

"वाचू?" तिने विचारलं.

बाबांनी मान हलवली. हा तर आता कोणीही वाचू शकणार होता.

'मला पूल चढता येणार नाही. पण एकट्या माणसासाठी एवढा रस्ता अडवून ठेवू नये.'

सुईला पुढचं दिसेना. तिने बाहीने डोळे पुसले.

"अगं, हे बघ ना," चौकशीने तिच्यासमोर एक फॉर्म सरकवला. "आणि हा. आणि हापण. मी वेगळे काढून ठेवलेत, सतरा झालेत. सगळ्यांनी एकच लिहिलंय. 'समोरच्या बाइंडिंगवाल्या काकांनी पूल कसा चढायचा?'"

बाबांनी ते सतरा फॉर्म हातात घेतले. एकेक बघितला. कितीतरी वेळ बघत राहिले. मग गठ्ठा सुईच्या हातात दिला आणि तोंड फिरवून म्हणाले, "पुन्हा मोज."

आणि सुईने सुट्टीबद्दल एक चकार शब्द न काढता मोजायला सुरुवात केली.