नागसेनच्या डब्यातले राखणदार

डब्याला घाम फुटला होता, आणि डब्याहून जास्त संध्याला.

लालबर्रा रोडवर एका राइस मिलसमोर बस बंद पडली होती. प्रवासी खाली उतरून डिसेंबरच्या कोवळ्या उन्हात शेंगा सोलत होते, ड्रायव्हर बॉनेटमध्ये डोकं घालून बसला होता आणि संध्या गजभिये एका गुडघाभर उंचीच्या ॲल्युमिनियमच्या डब्याभोवती घिरट्या घालत होती. डब्यात द्रवरूप नायट्रोजन होता. त्यात बुडालेल्या चिमुकल्या नळ्यांमध्ये तिची दोन वर्षांची मेहनत गोठून बसली होती, आणि ती पुण्याला पोचवायची होती. असा डबा बाहेरून ठणठणीत कोरडा असायला हवा. त्याच्या अंगावर दव साचलं, की समजायचं आतली निर्वात पोकळी फुटली आणि नायट्रोजन हवेत चालला!

पुण्याच्या प्रयोगशाळेने फोनवर सांगितलं होतं – दुसरा डबा पाठवतो, दोन-तीन आठवडे तरी लागतील. नळ्यांकडे मात्र संध्याकाळपर्यंतचाच वेळ होता.

"मॅडम, तुमच्या डब्याले घाम फुटला."

"दिसतंय मला."

"नाई म्हणजे... व्हॅक्यूम गेला त्याचा."

"तेही दिसतंय!" संध्या चिडून वळली, आणि वळल्यावर चिडायचं विसरली. मोटरसायकलवर एक उंच, सडसडीत तरुण बसला होता. स्वेटरला भाताच्या तणसाच्या काड्या चिकटलेल्या, हसू एकाच गालावर. पण संध्याचा श्वास अडला तो त्याच्यामुळे नाही (असं ती पुढे बरेच दिवस सांगत राहिली). त्याच्या मागच्या सीटवर ट्यूबने बांधलेला एक डबा होता. हुबेहूब तिच्या डब्यासारखा आणि कोरडा ठणठणीत.

"तुमच्याकडे नायट्रोजन आहे?"

"सकाळीच बालाघाटहून भरून आणला. काठोकाठ."

"कशासाठी?"

त्याने उगाच घसा खाकरला. "मी जनावरांचा डॉक्टर. नागसेन रामटेके. गाई-म्हशी भरवतो... म्हणजे ह्याच्यात वळूंच्या बीजाच्या कांड्या आहेत. गोठवलेल्या."

शेंगा सोलणाऱ्या दोन बाया फिस्सकन हसल्या. संध्याला हसायला सवड नव्हती.

"मला त्यात जागा द्याल?"

"देतो ना. पण तुमच्यात काय आहे, ते सांगा आधी."

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं, आणि उत्तर दिल्यावर काय होतं तेही. मावशीने तर तिचं काम ऐकून आपली खुर्चीच मागे ओढली होती. तरी तिने सरळ सांगून टाकलं, "एचआयव्ही असलेल्या माणसांच्या रक्तातल्या पेशी."

ती वाट बघत राहिली. नागसेनने पाऊल मागे घेतलं नाही. पुढेच टाकलं, आणि तिच्या डब्याशी उकिडवा बसला.

"नळ्या सीलबंद?"

"दोनदा. वरून पिशवी."

"मंग काहून घाबरता? एका बाजूले मुर्रा रेडा, एका बाजूले साहिवाल वळू, मधात तुम्ही."

"मी नाही. माझ्या नळ्या."

"तेच म्हटलं मी."

त्याने झाकण उचललं. पांढरी शुभ्र वाफ रस्त्यावर उतरली, दोघांच्या पायांशी लोळली... आणि त्या थंडगार वाफेत संध्याचे कान मात्र गरम झाले.

नळ्या वाचल्या. नागसेनच्या गावच्या पशु दवाखान्यात, कोपऱ्यातल्या त्या डब्यात मुक्कामाला राहिल्या. पुण्याचा डबा येईपर्यंत संध्या वडिलांची स्कूटर काढून भरवेलीच्या घरून रोज यायची – नायट्रोजन किती उरला ते बघायला. काळी पट्टी आत बुडवायची, बाहेर काढायची, आणि तिच्यावर जिथवर पांढरं हिम धरेल तिथवर नायट्रोजन आहे असं समजायचं. चांगल्या डब्यात हे आठवड्यातून एकदा केलं तरी पुरतं. हे तिला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. पण दोघांनीही ते एकमेकांना सांगितलं नाही, आणि नायट्रोजनला तर बोलताच येत नाही.

"तुमचं नेमकं काय चाललं आहे ह्या नळ्यांत?" एकदा त्याने चहाचा कप तिच्या हातात देत विचारलं.

झालं! हा विषय निघाला की संध्याचं सगळं अंग बोलायला लागायचं. "आपल्या पेशीत राखणदार असतात. प्रथिनंच ती, पण राखणदार. विषाणू आत शिरला की एक जण त्याचं कवच पकडून मोडतो. दुसरा त्याची नक्कल बिघडवतो. तिसरा बाहेर पळणाऱ्या विषाणूला दारातच बांधून ठेवतो!"

"एवढे राखणदार, तरी एचआयव्ही होते काहून?"

"चलाख आहे ना तो. एकाला चकवतो, दुसऱ्याचा काटा काढतो. पण ह्या नळ्यांतली माणसं औषध सुरू व्हायच्या आधीसुद्धा वर्षानुवर्षं धडधाकट राहिली. त्यांच्या राखणदारांनी काय वेगळं केलं? तेवढं कळलं ना, तर..." तिला वाक्य पुरं करवेना. चहा हिंदकळून बोटांवर सांडला. "आणि गंमत सांगू? गाईचा तो पहिला, कवच मोडणारा राखणदार एचआयव्हीला अडवतो. प्रयोगशाळेत दिसलंय हे. माणसाचा मात्र एचआयव्हीपुढे नुसता बघत बसतो."

"बघत बसणं काही वाईट नाई, मॅडम..." नागसेन म्हणाला. तो पट्टीकडे बघत नव्हता, डब्याकडेही नाही.

संध्याने घाईघाईने पट्टी डब्यात बुडवली. ती आत्ताच एकदा बुडवून झाली होती.

पण दूध आणि प्रेमात पडलेला माणूस, उतू जायला दोघांनाही वेळ लागत नाही. लालबर्ऱ्याच्या चहाटपरीवर नागसेनला राहवलं नाही. छाती फुगवून तो सांगून बसला, "आपल्या डब्यात एचआयव्हीवरचं मोठं संशोधन ठेवलं आहे, समजलं काय? भरवेलीची पोरगी करून राह्यली!" त्याला तिचं कौतुक करायचं होतं. टपरीवरून निघालेली बातमी गावात पोचेपर्यंत तिच्यातलं संशोधन गळून पडलं होतं. 'डॉक्टरच्या डब्यात एड्स आहे.' मग, 'त्या डब्यातली कांडी लावली तर गाईले होते.' मग, 'दुधातून पोराईले होते.'

पहाटेपासून खणखणणारा नागसेनचा फोन गप्प झाला.

तो संध्याला काही बोलला नाही. शेवटी दवाखान्याचा शिपाई असलेल्या नथ्थूनेच तोंड उघडलं. "मॅडम, साहेब सांगणार नाईत, म्हणून मी सांगतो. हप्ता होऊन राह्यला, एक गाय आली नाई. असंच राह्यलं तर साहेबाले हे गाव सोडा लागते."

संध्या तशीच आत गेली. "मले काहून नाई सांगितलं?" रागात तिची पुण्याची भाषा गळून गेली आणि भरवेलीची बाहेर आली.

नागसेन टेबलावरचं एक धुतलेलं भांडं पुन्हा पुसत होता. "सांगितलं असतं तर तुम्ही नळ्या घेऊन गेल्या असत्या."

"गेलीच असती!"

"मंग नायट्रोजन बघायले कोण आलं असतं?"

ती काही बोलणार... तेवढ्यात फोन वाजला. गावातली जिजाबाई! तिची गाय चंद्री माजावर आली होती, सकाळपासून हंबरत होती, आणि दुसरा डॉक्टर कटंगीकडे लग्नाला गेलेला. "ये बाप्पा," जिजाबाई म्हणाली, "पण तो डबा घरी ठेवून ये."

डब्याशिवाय कांडी नाही आणि कांडीशिवाय गाय भरणार नाही. दोघं डब्यासकटच निघाले. संध्या मोटरसायकलवर मागे बसली, डबा मांडीवर घेऊन. जिजाबाईने आज परत पाठवलं तर या मुलुखात नागसेनला पुन्हा कुणी बोलावणार नाही, आणि ते आपल्या नळ्यांमुळे – हे एकच तिच्या डोक्यात फिरत होतं.

अंगणात अर्धं गाव जमलेलं. संध्याने खाली उतरताच बोलायला सुरुवात केली. आधी पुस्तकी बोलली. लोक जांभया द्यायला लागले. मग तिने ओढणी कमरेला खोचली.

"माय, आयका! नळ्या बंद आहेत. वेगळ्या खणात आहेत. कांडीले शिवत नाई. आन् एचआयव्ही गाईले होत नाई, तिच्या दुधातून तर नाईच नाई! गाईच्या पेशीतच राखणदार असते, तो त्याले धरून मोडते. आपला राखणदार त्याले धरत नाई. म्हणून तर मी पुण्यात बसून राह्यली!"

"म्हणजे गाय आपल्याहून हुशार?" जिजाबाईने विचारलं.

"ह्या एका गोष्टीत, हौ."

हशा पिकला. जिजाबाईने मान डोलावली तसं नागसेनने कांडी काढून कोमट पाण्यात सोडली. आणि नेमका तेव्हाच शेजारचा डोमाजी पुढे झाला. "पढेलिखे लोग तो बोलेंगेच! जिजाबाई, सोच ले. उद्या काही झालं तर?"

जिजाबाईचा हात चंद्रीच्या दोरावर घट्ट झाला. नागसेन खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा मोजा चढवून उभाच राहिला. वितळलेली कांडी परत गोठवता येत नाही. आता लावली नाही तर फेकून द्यायची. त्याने संध्याकडे पाहिलं. त्या नजरेत रागाचा लवलेश नव्हता. तिला रडूच आलं असतं.

"बाई," जिजाबाई सावकाश म्हणाली, "मी अंगूठाछाप. तुया राखणदार मले दिसत नाई. आमच्यात एकच पारख आहे – त्या घरी आपली पोरगी देशीन का? देत असशीन, तर ते घर चांगलं. बाकी सब गप्पा. तू तं स्वतःच पोरगी आहेस. सांग मले... ह्या डब्यावाल्याच्या घरी जाशीन?"

सगळ्या माना संध्याकडे वळल्या. चंद्रीचीसुद्धा.

संध्याने आयुष्यात एकही निष्कर्ष पुराव्याशिवाय, दोनदा तपासल्याशिवाय काढला नव्हता. पण तिचं काळीज असं धडधडत होतं, की आणखी कसला पुरावा शोधायचा?

"हौ," ती म्हणाली. "जाईन."

"धर मंग दोर!" जिजाबाईने दोर तिच्याच हातात कोंबला. "घे डाक्टर, लाव कांडी!"

पोट्ट्यांनी शिट्ट्या मारल्या. नागसेन कामाला लागला. एक हात खांद्यापर्यंत गाईच्या आत, दुसऱ्या हातात कांडी भरलेली लांब नळी, आणि तोंड संध्याकडे वळवायची सोय नाही. बिचारा गाईच्या पाठीशीच बोलत होता.

"मॅडम..."

"काय?"

"ते... तुम्ही गाईसाठी म्हटलं, का माझ्यासाठी?"

"आधी हातचं काम करा."

"काम झालं. सांगा ना."

संध्याने चंद्रीच्या कपाळावर हात फिरवला. हसू आवरत नव्हतं, डोळे भरून आले होते, आणि अर्धं गाव कान टवकारून उभं होतं. असू दे उभं!

"माझ्या स्वतःसाठी म्हटलं," ती म्हणाली.

नागसेनने हात बाहेर काढला, मोजा उलटा करून फेकला. कान लालबुंद झाले होते. "पण तुमचं पुणं..."

"पुण्याले मी जाणारच. काम आहे माझं. गोंदियाहून गाडी आहे, येताही येते." तिने दोर जिजाबाईकडे दिला. "आन् मॅडम नोको म्हणू."

"मंग काय म्हणू, संध्या?"

"हेच."

जिजाबाईने साबण आणि बादली आणून ठेवली. संध्याने तांब्या उचलला आणि त्याच्या हातांवर पाणी घालू लागली. नागसेनने हात चोळले, कोपरापर्यंत चोळले, पुन्हा साबण लावला. ती घालत राहिली, तो धूत राहिला, आणि दोघंही एकमेकांकडे बघत राहिले.

"अगं माय," जिजाबाई ओसरीवरून ओरडली, "बादली कवाचीच रिकामी झाली!"